प्लास्टिककाका आणि खारीची गाडी

प्लास्टिककाकांच्या घरातला टीव्हीचा रिमोट मी कधी उघडा पाहिला नाही. तो पिशवीत असायचा, पिशवीला रबरबँड, आणि ते रबरबँड वितळून पिशवीला चिकटलेलं. सोफ्यावर प्लास्टिक, फ्रिजच्या हँडलवर प्लास्टिक, मिक्सरला तर स्वतःचा झगाच होता. मे महिन्यात त्यांच्याकडे चहाला गेलं की उठताना मांड्या सोफ्यावरून सोलून काढाव्या लागत. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत त्यांचं खरं आडनाव फक्त खालच्या पाटीला ठाऊक होतं. मी त्यांच्या अगदी वरच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे हा माणूस माझ्या वाट्याला जरा जास्तच आला.

"वापरली की वस्तू संपली," असं ते म्हणायचे. हे तत्त्वज्ञान त्यांनी गाडीलाही लावलं होतं. पांढरी, लांब शेपटीची गाडी, घेतल्याला कैक वर्षं झालेली, पण सीटवर कंपनीचं प्लास्टिक तसंच. ते पिवळं पडलं, कडांना चिरलं, तरी काका ते काढेनात. दर रविवारी गाडी धुवायची, आत बसून रेडिओ ऐकायचा आणि परत कव्हर घालायचं. मुलगी मुक्ता बारावीच्या सहामाही परीक्षेला भर पावसात रिक्षा शोधत भिजत गेली, कारण पावसात गाडी काढायची नसते. बायको गेल्यावर तरी माणूस सैल होईल असं वाटलं होतं, पण ते आणखी आवळत गेले. कोरडा माणूस म्हणजे काय, ते कुणाला दाखवायचं झालं तर मी त्यांच्या दाराकडे बोट दाखवायचे.

मग मुक्ता नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली आणि जाताना आपली कुत्री बापाच्या गळ्यात मारून गेली. "थोडे दिवस, पप्पा," म्हणाली. तिचे थोडे दिवस मला आधीपासून ठाऊक होते. लाडाने आणायचं, वाढदिवसाला टोपी घालून फोटो काढायचे आणि व्हिसा आला की हात झटकायचे, असली माणसं आमच्या सोसायटीत पैशाला पासरी आहेत. कुत्रीचं नाव खारी. रंग बेकरीतल्या खारीसारखा, वय झालेलं, मागचे पाय सांध्यांतून कुरकुरणारे. पहिल्याच दिवशी काका जिन्यात भेटले.

"शिल्पा, हिचे केस गळतात गं."

"कुत्री आहे ती काका. गळणारच."

"पण सगळीकडे गळतात."

त्यांनी तिच्याखाली वर्तमानपत्र अंथरलं. तिलाही झगा शिवला असता तरी मला नवल वाटलं नसतं.

खारीला पायांसाठी घाटकोपरच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नियमित न्यायला हवं होतं. नाही नेलं तर तिचं चालणं थांबेल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. रिक्षावाले कुत्रं बघून मान फिरवत, टॅक्सी बुक केली की रद्द होई. अखेर काकांनी पांढरी गाडी बाहेर काढली. रस्त्यात एक बस आडवी आली, काकांनी ब्रेक मारला, आणि खारी त्या गुळगुळीत प्लास्टिकवरून घसरत जाऊन पुढच्या सीटच्या पाठीवर आदळली. ओठ फाटला, पुढचा एक पाय मुरगळला. ते तिला उचलून जिना चढत होते तेव्हा त्यांच्या बनियनवर रक्त होतं.

"प्लास्टिकवर पंजा धरत नाही गं," ते मला म्हणाले. शोध लागावा तसं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काका, ते प्लास्टिक गाडी गिऱ्हाइकाला मिळेपर्यंत लावतात. तुम्हाला गाडी अजून मिळालेलीच नाही."

त्यानंतर खारी त्या गाडीजवळ गेली की खाली बसायची आणि थरथरायची. ओढलं तर तिथंच मुतायची. डॉक्टरांकडे जाणं बंद पडलं, आणि पंधरवड्यात ती जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर थांबायला लागली.

काकांनी प्लास्टिक फाडलं, पण ती चढेना. सीट उंच, आणि डिकीत गॅसची टाकी बसलेली. एका सकाळी त्यांनी गाडी विकायला काढली आणि दुसरी बघायला लागले. आता आमच्या सोसायटीत गाडी घ्यायची म्हटलं की प्रत्येक पुरुष सल्लागार होतो. दुसऱ्या विंगमधल्या एका शहाण्याने सांगितलं, "काका, सनरूफवाली घ्या. कुत्री डोकं बाहेर काढून काय झकास दिसेल."

"दिसायचं कुणाला आहे? तिला बसायचं आहे," काका म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचं एक वाक्य मला पहिल्यांदा पटलं आणि त्याचाही मला थोडा वैतागच आला.

शोरूमला त्यांनी मला बरोबर नेलं. टाय लावलेला तिथला विक्रेता आम्हाला पडदा किती इंचांचा आहे, गाणी कशी बोलून लावता येतात, ते सांगत होता. काकांनी त्याला सरळ मागे नेलं. डिकी उघडायला लावली आणि तिचा उंबरा गुडघ्याच्या वर येतो की खाली, ते स्वतःचा पाय लावून पाहिलं. मग मागच्या सीटा आडव्या पाडायला सांगितल्या. जमीन सपाट होते का, कुत्र्याचा पट्टा अडकवायला बाजूला कडी आहे का, ती हिसडल्यावर हलते का, असं करत शेवटी चप्पल काढून ते चक्क आत जाऊन आडवे झाले.

"दार लावा," ते आतून म्हणाले. "आणि एक चक्कर मारा. एसी इथपर्यंत येतो का बघायचंय."

"सर, असं अलाऊड नाही."

"मग तू झोप आत. मी चालवतो."

विक्रेता माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघितलं. सत्तरीचा माणूस डिकीत पडून अख्ख्या शोरूमचं मनोरंजन करतो आहे आणि लोक आपल्याला त्याची मुलगी समजताहेत, या विचाराने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अशा चार गाड्यांत ते झोपले. अखेर एक बुटकी, ठोकळ्यासारखी गाडी घेतली, जिच्याकडे पार्किंगमध्ये कुणी वळूनही बघेना. ताब्यात मिळाल्याबरोबर त्यांनी खिशातून ब्लेड काढून सीटवरचं प्लास्टिक उभं चिरलं.

खारीला त्यांनी कसं बसवलं, तेही सांगते. गाडी जागेवरच उभी. डिकी उघडी. ते स्वतः आत मांडी घालून बसायचे आणि तूप-पोळीचे तुकडे करून आपल्या शेजारी ठेवायचे. असं रोज चाललं होतं. एक दिवस ती चढली. मग काही दिवस नुसतं इंजिन चालू, मग गेटपर्यंत, मग घाटकोपर. गाडी इतकी हळू हाकायचे की हातगाडीवालेसुद्धा शिव्या घालत पुढे जायचे.

बरं, एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले. आता ते प्रवचन द्यायला लागले. कुणी कुत्रं मांडीवर घेऊन गाडी चालवताना दिसलं की गेटवर हात आडवा. "एअरबॅग फुटली तर त्याचा पापड होईल. मागे बांधा. पट्टा गळ्याला नाही, छातीला." पूर्वी ते कंजूष म्हणून असह्य होते, आता धर्मोपदेशक म्हणून झाले. पण खारी जिने चढू लागली होती, आणि त्यांच्या प्रत्येक विजारीवर केस होते.

परवाच्या फेब्रुवारीत दुपारी त्यांचा फोन आला. खाली गेले तर माणूस घामाने निथळत दाराला टेकून उभा, हात छातीवर. रुग्णवाहिकेची वाट बघण्यापेक्षा मीच त्यांची गाडी काढली. खारी त्यांच्या पायांत घुटमळत खाली आली, घरात थांबेना.

"आधी तिला घे," ते म्हणाले.

"काका, पुढे बसा मुकाट्याने."

"तिचा पट्टा अडकल्याशिवाय गाडी हलायची नाही."

ओठ निळे पडत होते आणि हा माणूस हट्ट करत होता. मी शिव्या पुटपुटत कडी अडकवली, हिसडून दाखवली, तेव्हा ते बसले. रस्त्यात मी हॉर्नवरून हात काढला नाही. प्रत्येक सिग्नलला ते डोळे मिटून म्हणायचे, "ब्रेक हळू गं. मागे ती आहे." आणि मी, त्यांचा जीव जात असताना, ब्रेक हळू मारत होते.

इस्पितळाच्या दारात त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. त्यांनी मान वळवली. मला वाटलं, मुक्तासाठी काही निरोप असेल. म्हणाले, "उतरवताना मागचे पाय धर."

तेवढंच. संध्याकाळी ते गेले. मुक्ता येऊन रडली, घराला कुलूप लावलं, आणि थोडे दिवस म्हणून खारीला आणि तिच्या गाडीला माझ्याकडे ठेवून गेली. तो माणूस मला कधी आवडला नाही, हे मी आजही कुणालाही सांगेन. पण दर वेळी खारीचे मागचे पाय धरून तिला गाडीतून खाली घेते, ती त्यांच्या बंद दाराशी जाऊन बसते, आणि असा मध्येच निघून गेल्याबद्दल मला त्या माणसाचा भयंकर राग येतो.