उत्तनला उजळलेला तारा

ऊन उतरल्यावर जेसल पार्कहून आम्ही रिक्षा केली. मांडीवर छोटी दुर्बीण घेऊन बसलेल्या हेतलबेन आमच्या बिल्डिंगमधल्या शेजारीण. कॉलेजात फिजिक्स शिकवतात. ययाती तारकासमूहातल्या एका ताऱ्यासमोर त्याचा मंद जोडीदार येतो आणि तारा अंधारतो. तो पुन्हा उजळताना आम्हाला फोटोंतून मोजायचा होता.

उत्तनला वलांडींच्या (बोंबील वाळवायच्या बांबूच्या चौकटी) पलीकडे दुर्बीण लावली. आधी चंद्रकोरीचा फोटो घेतला. कोरीच्या टोकापासून टोकापर्यंत चंद्राची रुंदी आकाशात अर्धा अंश. फोटोत ती किती ठिपक्यांत बसते यावरून आमची मोजपट्टी तयार झाली.

अंधार पडला आणि किनाऱ्यावरचा हॅलोजन पेटला. तो लावणाऱ्या, जवळच्या घरातल्या फिलोमिना मावशी बाहेर उभ्या होत्या. "थोडा वेळ बंद कराल का?" मी विचारलं.

"न्हाय. पोराची बोट आली न्हाय अजून. सकालीच याची व्हती."

मला विचारल्याची लाज वाटली. आम्ही ओढून ठेवलेल्या एका होडीच्या सावलीत सरकलो. तुलनेसाठी न बदलणारा शेजारी तारा हवा होता. पहिला निवडला तो चुकला: मोजपट्टीनं आमच्या ताऱ्यापासून अंतर दोनच अंश आलं, नकाशाप्रमाणे हवे होते चार. योग्य तारा सापडल्यावर हेतलबेननी लॅपटॉपवर हिशेब केला. आमचा तारा शेजाऱ्याच्या जेमतेम दीडपट तेजस्वी होता.

नंतर बराच वेळ आम्हीही समुद्राकडेच बघत होतो. शेवटी इंजिनाची धडधड ऐकू आली. मावशी पाण्यापर्यंत धावल्या. "आला! माजा रॉबर्ट आला!" इंजिन भर समुद्रात बंद पडलं होतं, एवढंच. मुलाच्या पाठीवर दोन धपाटे घालून त्या परत आल्या आणि स्वतःच म्हणाल्या, "आता मालवते. बगा तुमचा तारा."

दिवा गेला आणि डोक्यावर अख्खं आकाश उघडलं. मी दुर्बीण विसरून नुसती उभी राहिले.

नवा फोटो घेतला. आता आमचा तारा शेजाऱ्याच्या तिप्पट तेजस्वी.

मावशी लॅपटॉपवर वाकल्या. "ह्यो मोठा झाला?"

"बड़ा नहीं हुआ, मौसी. सामनेवाला हट रहा है," हेतलबेन म्हणाल्या.

"किती लांब हाय?"

"इतना, कि ये रोशनी नब्बे साल पहले निकली थी."

मावशींनी छातीवर क्रूसाची खूण केली. मग आम्हा सगळ्यांना कोरा चहा दिला.

जेसल पार्कला उतरलो तेव्हा टॉवरांच्या दिव्यांत मोजकेच तारे उरले होते, पण तो दिसला. हेतलबेन लिफ्टपाशी थांबल्या. मी मान वर करून उभीच. नव्वद वर्षांपूर्वीची ती गोष्ट माझ्या डोळ्यांदेखत अजून घडतच होती.