निरोपावर चिकटवलेला कागद

आमचे हे विद्यापीठात शिपाई. सूचनाफलक यांच्या ताब्यात. यांचा एकच नियम: जुना कागद काढायचा नाही, नवा त्याच्यावर चिकटवायचा. फलक इतका फुगलाय की त्या बोळातून प्राध्यापक अंग चोरून जातात.

हे निवृत्त व्हायचे होते. निरोप समारंभाची सूचना यांनीच हौसेने लावली. डिंक वाळतोय न वाळतोय तोच 'वेळेचं नियोजन' या व्याख्यानाची सूचना आली. तोच दिवस, तीच वेळ, तेच सभागृह! यांनी ती खुशाल स्वतःच्या निरोपावर चिकटवली.

मी मेली नटूनथटून पहिल्या रांगेत बसले आणि तासभर वेळेचं नियोजन ऐकलं. हे दारात उभे राहून लोकांना जागा दाखवत होते. माझं डोकंच फिरलं.

"अहो, तुमचा निरोप कुठे गेला?"

"खाली आहे. नंतरची सूचना वर."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे डबा मागतायत.

"आता कुठे निघालात?"

"कामावर. निरोपच झाला नाही, तर मी निवृत्त कसा?"

त्याला आता दोन वर्षं झाली. विद्यापीठात कुणी हरकत घेतलेली नाही. घेणार कशी? हे निवृत्त झाल्याचं तिथे कुणी वाचलेलंच नाही.