पत्रेमामांनी परत मागितलेले तुकडे

पत्रेमामांनी जन्मभर लोकांच्या घरांवर छपरं घातली. पण गल्लीत त्यांचं नाव निघायचं ते त्यांच्या उदारपणामुळे. सिमेंटचे पत्रे बसवून झाले की उरलेले तुकडे ते सायकलला बांधून आणायचे आणि नातू झाल्याचे पेढे वाटावेत तसे हसतमुखाने वाटायचे. इस्त्रीवाल्याला सपाट तुकडा, तापलेली इस्त्री टेकवायला. समोरच्या काकूंना खरखरीत, टाचा घासायला. कोंबड्या पाळणाऱ्या शिंपिणीला मोठा, खुराड्यावर टाकायला.

"जळत नाही, कुजत नाही, वाळवी लागत नाही," मामा सांगायचे. "आमच्या हिच्या रागासारखा टिकतो."

"आणि यांच्या डोक्यासारखा जाड आहे," मामी आतून म्हणायची.

सगळ्यात देखणा तुकडा मात्र गेला धाकट्या बहिणीकडे. तिचं नवं घर झालं तेव्हा मामांनी चारी बाजू करवतीने साफ कापून तो स्वतः तिच्या शेगडीखाली बसवला. "काळा पडला तर तारेच्या घासणीने घासत जा, नव्यासारखा होतो," असंही वर बजावलं. दादाने दिलेली ही एकच टिकाऊ वस्तू, बाकी नुसते सल्ले, असं ती चारचौघांत सांगायची आणि मामा सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

पुढे मामांना जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, बराच वेळ उजेडापुढे धरला.

"काम काय करायचात?"

"पत्रे कापायचो. करवतीने, पुढे मशीन आल्यावर मशीनने."

"तोंडाला काही असायचं?"

"असायची ना. विडी."

डॉक्टर हसले नाहीत, तेव्हाच मामा समजून चुकले. त्या पत्र्यांत अ‍ॅसबेस्टॉस असतं, डॉक्टरांनी सांगितलं. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. श्वासावाटे आत गेले की फुप्फुसात रुततात आणि दुखणं वर यायला निम्मं आयुष्य जातं. शाबूत पत्रा जागच्या जागी राहिला तर सहसा त्रास देत नाही. तो कापला, फोडला, घासला की खेळ सुरू.

घासला. मामांच्या डोळ्यांपुढे काकूंच्या टाचा आल्या, आणि त्यांच्या मागोमाग बहिणीचा तारेच्या घासणीवर फिरणारा हात.

डॉक्टरांनी त्यांना पालिकेत पाठवलं. तिथल्या बाईने घट्ट बसणारा मास्क दिला, जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या दिल्या आणि शाळामास्तरणीसारखं समोर बसवून शिकवलं. फोडायचं नाही, घासायचं नाही, कोरडा झाडू तर अजिबात फिरवायचा नाही. आधी पाणी फवारायचं, तुकडा ओला असतानाच दुहेरी पिशवीत गुंडाळायचा, चिकटपट्टी लावायची, आत काय आहे ते वर लिहायचं. रोजच्या कचऱ्यात टाकायचा नाही. त्यासाठी वेगळी गाडी येईल. "आणि छपराला हात लावाल तर याद राखा. त्याला शिकवून तयार केलेली माणसं आहेत."

मामा गल्लीत परत आले ते दिलेलं परत मागायला.

"काय मामा, म्हातारपणी हात आखडले?" इस्त्रीवाला म्हणाला. काकूंना वाटलं, टाचांवरून चेष्टा चाललीय. "काकू, तुमच्यासारख्या टाचा राणीच्या नसतील, पण तो तुकडा द्या," मामा म्हणाले आणि पुढे खोकत बसले. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की जुन्या पत्र्याला कुठेतरी सोन्याचा भाव आलाय आणि म्हातारा गुपचूप गोळा करतोय. दोघींनी तर आपापले तुकडे पलंगाखाली लपवले. शिंपीण बिचारी मदतीला धावली. पिशवीत मावेना म्हणून खुराड्यावरच्या तुकड्यावर हातोडी उगारून उभी. मामा आयुष्यात कुणा बाईवर एवढे ओरडले नव्हते. तिला आत पाठवून त्यांनी कोंबड्या दूर नेल्या, पत्रा निथळेपर्यंत भिजवला आणि अख्खाच गुंडाळला. मग भिजवलेल्या फडक्याने जागा पुसली आणि ते फडकंही पिशवीत कोंबलं.

लपवलेलेसुद्धा आले शेवटी. मामांची धाप बघून लोकांना सोन्याची गोष्ट पटेनाशी झाली.

राहिली बहीण. तिचं घर दोन गल्ल्या पलीकडे, पण मामा आधी सगळीकडे जाऊन आले आणि मग तिच्याकडे.

"ये दादा. ऐकलंय मी सगळं," ती म्हणाली. "माझा देणार नाही हं! बघ कसा ठेवलाय."

मामांनी वाकून पाहिलं. तुकड्यावर एक काळा डाग नव्हता. पण कडेला जाड आणि मधे वाटीसारखा खोल गेलेला. वरचं सिमेंट झिजून राखाडी लव वर आली होती, मांजराच्या कानाला असते तशी. बहिणीने कौतुकाने त्यावरून हात फिरवायला नेला.

"हात लावू नको!"

ती दचकली, आणि दचकल्याने तिला खोकला आला. कोरडा, थांबता थांबेना असा. मामांना तो ओळखीचा वाटला. रोज पहाटे स्वतःचा तसाच ऐकत होते.

तिला बाहेर बसवून त्यांनी मास्क चढवला. बारीक फवाऱ्याने तुकडा भिजवला, दोन पिशव्यांत बंद केला, शेगडीखालची फरशी ओल्या फडक्याने पुसली, घासणीही आत टाकली. बहीण दारातून बघत होती. 

मग म्हणाली, "डॉक्टरांकडे मलाही नेणार आहेस ना?"

"उद्या."

डॉक्टरांनी तिचाही फोटो उजेडापुढे धरला. तसाच, बराच वेळ.

"घरात असा पत्रा कधी होता?"

"छे हो," बहीण पटकन म्हणाली. "आमचं पक्क्या स्लॅबचं घर." आणि टेबलाखाली तिने मामांच्या पायावर पाय दिला.

"नीट आठवा. पुढच्या तपासण्या त्यावर ठरवायच्या आहेत."

पायावरचा दाब वाढला. ही लहानपणीची खूण, घरात काही फुटलं की एकमेकांना वाचवायची.

"होता," मामा म्हणाले. "मी दिला होता. शेगडीखाली. ती रोज घासायची."

"दादा, गप्प बस ना रे."

डॉक्टर मान खाली घालून लिहीत राहिले.

बाहेर जिना होता. मधल्या वळणावर दोघंही थांबले, दोघांनाही धाप लागली होती. बहिणीने कठडा धरला.

"एवढं घासायला नको होतं मी."

"मीच सांगितलं होतं घास म्हणून."

"हो," ती म्हणाली. "तू सांगितलं होतंस."

खालून कुणीतरी वर येत होतं. त्याला वाट द्यायला दोघं भिंतीला टेकून उभे राहिले.