चढावरचा आवाज

डोंबिवली पूर्वेला शिवराम सकपाळ यांचं स्कूटरचं गॅरेज अडतीस वर्षं एकाच गाळ्यात आहे. जुनी टू-स्ट्रोक स्कूटर नुसती चालती नाही, तर पळती करून हवी असली की ठाण्या-कल्याणचे शौकीन त्यांच्याकडे येत. शिवराम मोठा पिस्टन बसवत, सिलिंडरच्या आतल्या, वायू आत-बाहेर जाण्याच्या खिडक्या कानशीने रुंद करत आणि शेवटी कार्बोरेटर जुळवायला बसत. ते काम मात्र हातांचं नव्हतं. डोळे मिटून, सायलेन्सरकडे मान कलती करून ते नुसते ऐकत बसत.

त्या ऐकण्यानेच कान नेले. गेलेलं परत येणार नाही, असं तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं. कानातल्या मशीनमुळे माणसांचं बोलणं कळे, पण इंजिन सुरू झालं की सगळी एकच खरखर. मग त्यांनी ताकद वाढवायची कामं घेणंच सोडलं. ब्रेकची केबल, क्लचच्या प्लेटा, एवढंच. रस्त्यावरून एखादी जुनी स्कूटर निळा धूर सोडत गेली की हातातला पाना थांबे. वास यायचा, आवाज यायचा नाही.

यंदा मार्चमध्ये घोडबंदर रोडला राहणारा केदार टेम्पोतून एक स्कूटर घेऊन आला.

"काका, ही भाऊंची, माझ्या वडिलांची. नौपाड्यातून यायचे ते तुमच्याकडे. त्यांना एकदा माझ्या मागे बसून येऊरच्या डोंगरावर जायचंय, पण चढावर ही दोघांना ओढत नाही."

"मला इंजिन ऐकू येत नाही रे आता. दुसरीकडे दाखव."

"दाखवलेली. भाऊ ऐकत नाहीत. म्हणतात, शिवरामच करेल."

शिवरामांची बायको शीला जेवणाचा डबा घेऊन आली होती. ती दारातूनच म्हणाली, "ठेवून जा. मला येतं ऐकू."

केदार गेल्यावर शिवराम तिच्यावर वैतागले. ती शांतपणे डबा उघडत राहिली. "तीस वर्षं हा आवाज बंद करा म्हणून तुमच्या मागे लागले. मला नाही तर कुणाला कळणार तो?"

सिलिंडर-पिस्टनचं काम पंधरा दिवसांत झालं. मग कार्बोरेटरची वेळ आली. शिवरामांनी इंजिन सुरू केलं.

"कसं वाजतंय?"

"नेहमीसारखंच."

"असं नको गं. नीट सांग."

शीलाने डोळे मिटले. "गुदमरल्यासारखं. झाकण ठेवून वरण उकळावं तसं."

म्हणजे पेट्रोल जास्त जात होतं. त्यांनी पेट्रोल सोडणारा जेट बदलून लहान भोकाचा लावला. "आता?"

"आता पातळ झालंय. कोरड्या तव्यासारखं तडतडतंय."

त्यांनी झटकन इंजिन बंद केलं आणि प्लग काढून पाहिला. पांढरा पडला होता, म्हणजे पेट्रोल कमी पडून इंजिन फार तापत होतं. अजून थोडं चाललं असतं तर पिस्टन आत चिकटला असता. ते कितीतरी वेळ बायकोकडे बघत राहिले.

मधला जेट लावून दोघं काटईच्या पुलाकडे निघाली. "आवाज बिघडला की खांद्यावर चापट मार," त्यांनी बजावलं. चढ आला, तिसऱ्या गिअरमध्ये स्कूटरने दोघांना उचलून नेल्यासारखं वर नेलं. हँडलची थरथर तळव्यांतून कोपरापर्यंत चढत गेली. चापट काही बसली नाही, फक्त शीलाची बोटं खांद्यावर घट्ट झाली.

पूल उतरून त्यांनी गाडी कडेला घेतली. "बिघडला नाही?"

"नाही. चढत गेला तो. चांगला होता."

"चांगला म्हणजे कसा?"

तिने खूप विचार केला. "मला नाही हो सांगता येत."

त्यांनी गरम पत्र्यावर हात ठेवला. "त्यात एक जागा असते, शीला. गाडी ओढता ओढता अचानक हलकी होते आणि आवाज मोकळा सुटतो. तेवढ्यासाठीच मी हे सगळं करत आलो."

शीलाने तो मोकळा आवाज आत्ताच पुलावर ऐकला होता.

केदार गाडी घेऊन गेला. पुढच्या रविवारी सकाळी भाऊंचा फोन आला. शीलाने स्पीकर लावून तो नवऱ्याच्या कानाजवळ धरला.

"शिवराम, आम्ही वर पोचलो रे, कुठेही उतरावं लागलं नाही. थांब, तुला ऐकवतो," भाऊ म्हणाले आणि त्यांनी फोन सायलेन्सरजवळ नेला.

शिवरामांनी बोटाने कानातलं मशीन आत दाबलं. नेहमीचीच खरखर. त्यांनी मान कलती केली, डोळे मिटले.

"येतंय का ऐकू?" भाऊंनी विचारलं.

"येतंय," शिवराम म्हणाले. "भाऊ, बंद करू नका. अजून थोडा वेळ चालू राहू दे."