येतो म्हणा

शालू गेल्याचा निरोप मला गुलाबाच्या पाकळ्या झरणाऱ्या चित्रासकट मिळाला. चित्रात मेणबत्तीही होती आणि तिची ज्योत हलत होती. दुपारपर्यंत घरच्या ग्रुपवर अशा मेणबत्त्यांची रांग लागली, आणि मला रडू यायच्या आधी राग आला. माझ्या या मामेबहिणीनं आयुष्यभर ज्या गोष्टीला नाक मुरडलं, तीच तिच्या नावानं चालली होती.

काही वर्षांपूर्वी तिचे यजमान हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, पंडरीच्या बाजारात कापड आणायला गेले आणि तिथंच कोसळले. ब्राह्मणपारा या मराठी वस्तीतल्या त्यांच्या घरी माणसं लोटली. शालू रडत नव्हती, आणि ते लोकांना काही केल्या पचेना. बायका तिच्या गळ्यात पडून आधी स्वतः रडून दाखवायच्या, लहान पोराला घास भरवताना आपणच तोंड उघडावं तशा. मुलगी ऋचा त्यांच्याहून हुशार. तिनं टीव्हीवर दुःखावरची एक जपानी अॅनिमे मालिका लावून दिली. "मम्मी, रो लोगी तो हल्का लगेगा," म्हणाली.

मी संध्याकाळी जायचो तेव्हा शालू मांडीवर मटारांची परात घेऊन ते बघत असायची. मालिकेत एक मेलेली मुलगी परत येऊन मैत्रिणींचा निरोप घेत होती. डोळे बशीएवढे, त्यांत पाणी, मागे पियानो, वरून फुलं. "चार दिवसांपासून निरोपच घेऊन राहिली," शालू म्हणाली, "जाय ना माय एकदाची." मेलेलं माणूस बोलत नाही हेच तर दुःख, त्याला भाषण करायला लावलं की उरलं काय, असं तिचं म्हणणं. ज्यांच्या आत काही नाही त्यांच्यासाठी ही बाहेरून पाणी भरायची सोय होती, आणि मलाही ते पटलं.

पण त्याच मालिकेत बाप गेलेला एक मुलगा होता. रोज शाळेला निघताना रिकाम्या घराकडे वळून एक शब्द बोलायचा. खाली इंग्रजीत 'मी निघालो' असं यायचं. एके सकाळी तो शब्द त्यानं अर्धाच बोलला, बूट घातले आणि गेला. ना पियानो, ना फुलं. शालूचे हात थांबले. "पुन्हा लाव बरं," म्हणाली. ऋचानं सांगितलं की त्या शब्दाचा अर्थ 'जाऊन परत येतो' असा होतो.

"म्हणजे आपलं 'येतो'," शालू म्हणाली. "मंग खाली 'निघालो' काहून लिहून राहिले मेले?"

मग परातीतली सालं गोळा करत म्हणाली, "हे नेहमी 'चल, जातो' म्हणत. बाजारातल्या हिंदीची सवय. मी रोज भांडायची, 'येतो' म्हणा म्हणून. त्या दिवशी मात्र 'येतो' म्हणाले." एवढं बोलून तिनं परात उचलली आणि मला चहा विचारला. शालूचं रडणं मी पाहिलं ते एवढंच.

आता शालूच्या तेराव्याला तिच्या पुतण्यानं भिंतीवर व्हिडिओ दाखवला. व्हायोलिन, पाकळ्या, आणि शालूच्या फोटोखाली वाक्य: 'मी कुठेही गेले नाही, तुमच्या हृदयातच आहे.' शेवटी तिलाही भाषण करायला लावलंच. लोकांनी डोळे पुसले आणि जिलबी घेतली. मी माझी ताटलीत तशीच ठेवली. सगळे रडले होते आणि शालू त्यात कुठंच नव्हती.

मी उठलो. दारात ऋचा उभी होती. चपला घालताना, या दारात जन्मभराची सवय म्हणून, तोंडून निघून गेलं, "येतो."

मागून माझ्या वहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या, "दुखवट्याच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नसतात, भाऊजी." त्यांचंही बरोबरच होतं. असं म्हटलं की पुन्हा याच कामासाठी यावं लागतं म्हणतात, आणि घरच्यांनीही 'या' म्हणायचं नसतं.

ऋचा माझ्याशी उभ्या आयुष्यात मराठीत बोललेली नव्हती. मी विचारावं मराठीत, तिनं उत्तर द्यावं हिंदीत, हा आमचा रिवाज.

"म्हणू द्या," ती वहिनींना म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "या, मामा."