नवमीचं पान

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आले. चौथी पास बाई आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. म्हणून जे घडलं तेवढंच लिहिते, पदरचं काही घालत नाही.

आमचं घर झाशीला, सीपरी बाजारात. हे रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. तेव्हा कोळशाची इंजिनं होती, दोरीवरच्या धुण्यावर काळे ठिपके पडायचे. घर विकत घेतलं ते माईसाहेबांकडून. झाशीच्या जुन्या मराठी घराण्यातल्या त्या. त्यांची सून याच घरात बाळंतपणात गेली, मग त्यांचं इथं मन लागेना. दुसरं गिऱ्हाईक तयार होतं, तरी त्यांनी मला जवळ बसवून विचारलं,

“पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला माझ्या सुनेच्या नावानं इथं एक सवाष्ण जेवू घाल. ती इथं गेली, तिचं पान इथंच वाढायला हवं. तुम्हाला रीत कळते म्हणून घर तुम्हाला देतेय. घालशील ना?”

“घालीन,” मी म्हटलं.

नाही घातली. एकदाही नाही. पहिल्या वर्षी पोरांना गोवर होता. दुसऱ्या वर्षी आठवलं, पण म्हटलं, मेलेली थोडीच जेवायला येणार आहे... पुढं आठवणही काढली नाही. मला घर हवं होतं, ते मिळालं होतं.

एक गोष्ट मात्र व्हायची. दरवर्षी पाऊस सरता सरता एखाद्या दुपारी स्वयंपाकघरात फरशीवर ओल दिसायची. पाटाएवढीच — उष्टं काढून ओलं फडकं फिरवावं तशी. बाराच्या भोंग्याला मी यांचा डबा घेऊन वर्कशॉपच्या फाटकावर असायचे. घराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. परत यावं तर ओल! दोनदा फरशी उखडली. मिस्त्री म्हणाला, “अम्मा, इसके नीचे कोई पाइप ही नहीं है.”

“तो क्या तेरी नानी आके पोंछ गई?” मी म्हटलं.

हे रिटायर झाले, डबा नेणं संपलं आणि ओलही थांबली. मला वाटलं, मिस्त्रीनं एकदाचं काम नीट केलं.

आता माझी नात मुक्ता. ग्वाल्हेरला कॉलेजात शिकते. तिनं आमच्या घराचा इतिहास लिहायला घेतला. रजिस्ट्रीच्या नकला काढल्या. आधी घर कुणा गोऱ्या गार्डाचं होतं, मग माईसाहेबांच्या यजमानांचं, मग आमचं. एवढ्यावर थांबेल तर ती मुक्ता कसली! मानिक चौकातल्या गल्ल्या पालथ्या घालून तिनं माईसाहेबांच्या मुलीला, कुसुमताईंना, शोधलं आणि घरी घेऊन आली.

कुसुमताई आल्या त्या थेट माझ्या पायाशी वाकल्या.

“अहो, हे काय!”

“आई शेवटपर्यंत तुमचं नाव काढायची. तिला झेपत होतं तोवर दर नवमीला आम्ही दोघी टांग्यानं मागच्या गल्लीत यायचो. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं — सवाष्ण पाटावर बसलेली, हिरवं लुगडं, आणि तुम्ही पाठमोऱ्या वाढताय.”

“आत का नाही आलात?”

“आई म्हणायची, पाळत ठेवतो असं वाटायला नको त्यांना.”

“किती वाजता यायचात?”

“बाराचा भोंगा झाला की.”

त्यांनी पिशवीतून एक पितळी ताट काढलं. “वहिनीचं. जिथं ती जेवते तिथंच दे, असं आईनं सांगून ठेवलं होतं.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी दोन्ही हात पुढं करून ताट घेतलं. शेजारी मुक्ता वहीत लिहीत होती — आजी ने हर साल वचन निभाया.

चार दिवस ते ताट फळीवरून माझ्याकडे बघत होतं. पाचव्या दिवशी मुक्ताला म्हटलं, “ते वाक्य खोड. मी कधीच पान वाढलं नाही.”

“मतलब? मग कौन परोसती थी, आजी?”

“मला ठाऊक असतं तर तुला सांगितलं नसतं?”

पोरीनं वाक्य खोडलं. पण त्या दिवशी माझ्याशी धड बोलली नाही. तिला घेऊन मानिक चौकात गेले आणि कुसुमताईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसल्या. “मोठेपणा नको म्हणून सांगताय ना? मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.” शपथ घेतली तरी ऐकेनात. कबुली द्यायला गेले, ती शाबासकी घेऊन परतले. एवढी लाज मला उभ्या जन्मात वाटली नाही.

यंदा नवमीला माझ्या सुनेला पाटावर बसवलं. पुरणपोळी केली, त्याच ताटात वाढली. ती जेवून उठल्यावर उष्टं काढलं आणि गुडघ्यावर बसून ओलं फडकं फिरवलं. फरशीवर पाटाएवढी ओल उमटली. तीच जागा, तेवढीच.

माझ्या वाटचं हे काम इतकी वर्षं कोण करत होतं? मला माहीत नाही. कळेल असंही वाटत नाही. फडकं पिळताना एवढंच ध्यानात आलं की खिडकी माझ्या पाठीशी होती. मागच्या गल्लीतून कुणी पाहिलं असतं, तर मीही पाठमोरीच दिसले असते.