पाचशे ग्रॅम पितळ

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान आहे. दुकानदाराला सगळे काटेवाले म्हणतात. भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळ्यांचे काटे त्यांच्याकडे येतात, पण कोणी आनंदाने आणत नाही. काटा अगदी बरोबर करून देतात, हीच त्यांच्याविषयीची मुख्य तक्रार. जरा माझ्या बाजूला ठेवा की, असं एकदा भाजीवाला म्हणाला, तेव्हा काट्याला बाजू असते हे तुला कोणी सांगितलं, असं त्यांनी त्यालाच विचारलं. भाजीवाला अजून ही गोष्ट कौतुकाने गिऱ्हाइकांना सांगतो आणि सांगता सांगता पारड्याला बोट लावतो.

त्यांची मुलगी चार वर्षांची. जन्मली तेव्हा इतकीशी होती की बापानेच तिला छटाक म्हणायला सुरुवात केली. गेल्या वर्षी छटाकला रक्ताचा कॅन्सर असल्याचं निघालं. आई आठवडाभर रडली. काटेवाल्यांनी त्या आठवड्यात हॉस्पिटलच्या वॉर्डातला वजनकाटा दुरुस्त केला. मुलांचा डोस वजनावर ठरतो असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यांना स्वस्थता नव्हती, आणि तो काटा ऐंशी ग्रॅम जास्त दाखवत होता. ऐंशी ग्रॅमने काय होतंय, असं सिस्टर म्हणाल्या. ते म्हणाले, ऐंशी ग्रॅम होतात.

दर सोमवारी मी त्यांच्याबरोबर जात असे. एकाने मुलीला उचलायचं, एकाने कागद घेऊन रांगेत उभं राहायचं, म्हणजे पिशव्या धरायला तिसरं माणूस लागतंच. आणि आमचे हे गेल्यापासून मला सोमवारी विशेष काम नसतं. शिवाय छटाकने काय खाल्लं आणि त्यातलं किती उलटून पडलं, याची वही ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला रोज लिहायची सवय, म्हणून ती वही माझ्याकडे आली. एका पानावर ‘केळं अर्धं, परत’ असं आहे. पुढच्या पानावर नुसतंच ‘परत’.

औषधाने तिच्या तोंडात फोड आले होते. गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. एका सोमवारी वजन तेरा किलो पाचशे साठ भरलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी साडेतेराच्या खाली गेलं तर नाकातून पोटात नळी घालू आणि दूध नळीतून देऊ. शेजारच्या खाटेवरच्या मुलीला तशी नळी होती. छटाकने ती घालताना पाहिली होती, म्हणजे ऐकली होती. घरी येताना ती म्हणाली, “बाबा, मला नळी नको घालू देऊस.” काटेवाले म्हणाले, “मग खा.” वचन काही दिलं नाही.

आठवडाभर आई ताटली घेऊन तिच्यामागे खोलीभर फिरत होती. एक घास चिऊचा, एक घास काऊचा. घास चिऊकाऊच्या नावाचे होते आणि बहुतेक त्यांनाच गेले.

पुढच्या सोमवारी सकाळी काटेवाल्यांनी तिला दुकानातल्या काट्यावर उभं केलं. तेरा किलो दोनशे ऐंशी. मग आईने वर नेऊन तिचे कपडे बदलले, आणि त्या दिवशी मुलगी कोणाच्याही हातात दिली नाही, अगदी वॉर्डापर्यंत.

वॉर्डातला काटा म्हणाला, तेरा किलो सातशे ऐंशी.

सिस्टरनी खूश होऊन आकडा लिहिला आणि काय खाल्लंस गं, म्हणून विचारलं. छटाक आईकडे बघायला लागली. आई खिडकीकडे. काटेवाल्यांना शंका आली ती काट्याची. वीस वर्षं संसार केला तरी बायकोची शंका काही त्यांना आली नाही. ते सिस्टरना म्हणाले, जिवंत माणूस दोन तासांत बरोबर पाचशे ग्रॅम वाढत नाही, काटा तपासू द्या. पिशवीतून त्यांनी मापांची पेटी काढली. पितळेची मापं, प्रत्येकाला मखमलीचा खळगा. घामाने वजन बदलतं म्हणून काटेवाले कधी त्यांना उघड्या हाताने शिवत नाहीत. पेटी उघडली तर तीन खळगे रिकामे: दोनशेचे दोन, शंभराचा एक.

ते छटाकसमोर उकिडवे बसले आणि तिच्या कमरेशी हात लावला. आतल्या बनियनला तीन छोटे खिसे शिवले होते. शिवण फार नेटकी होती. दोरा माझा होता. आदल्या दिवशी आईने मागून नेला तेव्हा कशाला, म्हणून मी विचारलं नव्हतं.

“सिस्टर, त्यातून पाचशे वजा करा,” काटेवाले म्हणाले.

“अहो,” आई हळूच म्हणाली, “जन्मात कधी मापात पाप केलं नाहीत. आज एकदा करा. डॉक्टर आत्ता येतील आणि जातील.”

“औषध वजनावर देतात गं. पितळेला कशाला द्यायचं?”

सिस्टरनी आकडा खोडला, शेजारी नवा लिहिला आणि सही केली.

दुपारी नळी घातली. डोकं कोणीतरी घट्ट धरायला हवं होतं, ते काटेवाल्यांनी धरलं. रडणं संपल्यावर छटाक बापाला एकच शब्द बोलली: “कट्टी.”

मग घरी दर तीन तासांनी सिरिंजने नळीतून दूध. दूध मोजून द्यायचं, म्हणून ते काम काटेवाल्यांकडे आलं. छटाक भिंतीकडे तोंड करून नळीचं टोक तेवढं त्यांच्या हातात द्यायची. आईनेही अबोला धरला होता. काकू, त्यांना सांगा जेवण झाकून ठेवलंय, असं ती मला सांगायची. ते दोन हातांच्या अंतरावर उभे असायचे. मी सांगत असे.

नळी घातल्यानंतरच्या तिसऱ्या सोमवारी वजनाच्या वेळी आईने छटाकचा फ्रॉक काढला, मग बनियनही. गारठेल ती, सिस्टर म्हणाल्या, एवढं नको. नीट होऊ द्या, आई म्हणाली. काटा तेरा किलो आठशे दहावर थांबला. आईने तिला उतरवून पुन्हा उभं केलं. पुन्हा तेच. काटेवाले पेटी घेऊन दाराशी उभे होते. त्यांनी ती उघडली नाही.

“अहो,” आई त्यांच्याकडे बघून म्हणाली, “तीन वाजत आले. हात धुऊन या, दूध द्यायचंय.”

ते हात धुवायला गेले. फ्रॉक घालून घेताना छटाकने मला सांगितलं की तिची कट्टी नळी निघेपर्यंत राहणार आहे, बाबाला कळवा. मी कळवलं.